विमानाच्या टाकीतली मोटार

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, दक्षिण कॅलिफोर्नियातील बिल बर्क नावाच्या एका तरुणाने लष्कराच्या निकाली काढलेल्या सामानातून पस्तीस डॉलर मोजून लढाऊ विमानाची एक जादा इंधनटाकी विकत घेतली. अशी टाकी विमानाच्या पोटाखाली टांगलेली असे; दूरच्या मोहिमेवर निघालेले विमान आधी तिच्यातले पेट्रोल जाळी, आणि ती रिती झाली की वैमानिक तिला हवेतच सोडून देई. बर्कने युद्धकाळात पॅसिफिक महासागरातील बेटांवर अशा टाक्यांचे ढीग पाहिले होते. पुढे गोलसर, मध्ये भरदार आणि मागे निमुळता होत गेलेला, पाण्याच्या थेंबासारखा तो आकार पाहून त्याच्या मनात एक कल्पना रुजली होती, आणि घरी परतल्यावर त्याने ती अमलात आणली. १६५ गॅलनच्या त्या टाकीत त्याने जुन्या फोर्डचे इंजिन बसवले, तिला चार चाके जोडली, आणि वाळवंटातील एका कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ती ताशी १३० मैलांपलीकडे पळवून दाखवली. नंतर त्याने पी-३८ या दोन इंजिनांच्या विमानाची तीनशेहून अधिक गॅलन मावणारी मोठी टाकी मिळवली. तिच्यात चालक पुढे आणि इंजिन मागे अशी प्रशस्त सोय होत असल्यामुळे पुढच्या काळात तोच नमुना रूढ झाला. अॅलेक्स झिडियास या तरुणाने बरबँक गावी काढलेल्या दुकानातून तयार झालेली अशीच एक टाकी-मोटार १९५२ साली ताशी १९८ मैल वेगापर्यंत पोहोचली.

लष्करी कोठाराच्या यादीत त्या वस्तूची नोंद पेट्रोल साठवण्याचे भांडे अशीच असणार. बर्कला मात्र तिच्यात हवेला सहज कापत जाणारा, शास्त्रज्ञांनी हिशेब करून घडवलेला आणि कारखान्यातून तयार होऊन आलेला असा एक पत्रा दिसला, की जो स्वतः ठोकून बनवायचा म्हटले असते तर त्याच्या ऐपतीबाहेर गेला असता. भंगारातून मोटार उभी करण्याचा जो छंद अमेरिकेत गेली शंभर वर्षे चालत आला आहे, त्याचे सारे मर्म मला या एका खरेदीत साठवलेले वाटते. वस्तूवर कोणते नाव लिहिले आहे याकडे न पाहता ती कोणते काम करू शकेल हे पाहणारी एक वेगळी दृष्टी या माणसांना लाभलेली असते, आणि ही दृष्टी विकत मिळत नाही. ती हात काळे केल्यानेच येते.

या छंदाला जन्म देणारी गाडी म्हणजे हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली आणि १९२७ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटींहून अधिक गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. आरंभी ८५० डॉलर असलेली तिची किंमत, १९१३ पासून हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी होऊ लागल्यानंतर, उतरत उतरत १९२५ च्या सुमारास दोन आसनांच्या गाडीपुरती २६० डॉलरवर आली. परंतु स्वस्ताईपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की या गाडीचा प्रत्येक सुटा भाग दुसऱ्या कोणत्याही तशाच गाडीला बेमालूम बसत असे. त्याआधीच्या मोटारी कारागिराने कानशीने घासून, एकेक तुकडा दुसऱ्याशी जुळवून उभ्या केलेल्या असत, आणि म्हणून एकीचा दांडा दुसरीला बसेलच याची हमी नसे. फोर्डने ती हमी दिली. परिणामी खेड्यातला शेतकरी मोडलेल्या दोन गाड्यांमधून एक चालती गाडी काढू लागला.

ती गाडी होतीही अगदी उघड्या अंतःकरणाची. वीस अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन, पुढे जाण्यासाठी दोन गती आणि मागे येण्यासाठी एक, पायाखाली तीन पट्ट्या, आणि पुढे एक व मागे एक अशा आडव्या बसवलेल्या दोनच कमानी, एवढाच तिचा सरंजाम. तिला पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते या साध्या नियमावर तिचे इंजिन थंड राही. तिला पेट्रोलचाही पंप नव्हता. टाकी आसनाखाली आणि तिच्यातून पेट्रोल आपल्या वजनाने उतरत इंजिनाकडे जाणारे, त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की इंजिन उपाशी पडे, आणि अनुभवी चालक गाडी फिरवून मागच्या गतीने ती टेकडीवर चढवीत. जिच्या रचनेतील प्रत्येक गोष्टीचे कारण डोळ्यांना दिसते, अशा या यंत्राने एका संपूर्ण ग्रामीण पिढीला यंत्रविद्या शिकवली. मागचे एक चाक टेकू लावून वर उचलावे, त्यावर पट्टा चढवावा आणि लाकडे कापण्याची करवत फिरवावी, हा तर तिकडच्या शेतावरचा नित्याचा व्यवहार होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत या गाड्या जुन्या होऊन कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा लॉस एंजेलिसच्या परिसरातील तरुणांच्या हाती जणू कच्च्या मालाचे भांडारच आले. मंदीचे दिवस होते आणि खिशात पैसे नव्हते. ज्या गोष्टी गाडी पळवण्यास उपयोगी नाहीत त्या काढून टाकणे, ही बिनखर्चाची पहिली सुधारणा होती. मडगार्ड, बॉनेट, पायऱ्या, छप्पर असे एकेक काढत काढत गाडी तिच्या सांगाड्यापर्यंत सोलली जाई, आणि जितके वजन उतरे तितका वेग फुकट मिळे. अशा सोललेल्या गाडीलाच पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, डोंगरांपलीकडच्या मोहावी वाळवंटात, म्युरॉक, एल मिराज, रोझमंड अशी कोरडी सरोवरे आहेत. हिवाळ्यात त्यांत पावसाचे उथळ पाणी साचते, वारा ते पाणी इकडून तिकडे लोटतो, आणि त्या लोटण्याने तळाची चिकणमाती इतकी समतल होते, की उन्हाळ्यात ती वाळून कडक झाली म्हणजे निसर्गानेच मैलोन्‌मैल फरसबंदी केली आहे असे वाटावे. ही मुले रात्रीच घरून निघत, पहाटे सरोवरावर पोहोचत, गाडीचे दिवे आणि काच तेथेच उतरवून ठेवीत, वेळ मोजून शर्यत करीत, आणि संध्याकाळी ते सारे पुन्हा जोडून त्याच गाडीतून घरी परतत. १९३७ साली त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली, नियम केले, वेळेच्या नोंदी ठेवण्याचा चोख बंदोबस्त केला. पुढे म्युरॉकचे सरोवर लष्कराने ताब्यात घेतले, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात त्याच म्युरॉकच्या तळावरून निघालेल्या चक यीगर या वैमानिकाने मानवी इतिहासात प्रथम ध्वनीचा वेग ओलांडला. मोटारवाले तोवर एल मिराजकडे सरकले होते. १९४९ पासून यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांचा वार्षिक वेगसप्ताह भरू लागला.

या मंडळींच्या हाती १९३२ साली आणखी एक देणगी आली होती. फोर्डने त्या वर्षी आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले. आठही सिलिंडर एकाच ओतकामात घडवण्याची किमया साधल्यामुळे ते स्वस्त झाले होते. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूला, खालच्या ठोकळ्यातच असत, त्यामुळे वरचे ‘हेड’ म्हणजे केवळ एक सपाट झाकण होते. ते झाकण काढायचे, लेथवाल्याकडून थोडे घासून घ्यायचे आणि पुन्हा बसवायचे, की आतली जागा आक्रसे, वायूवरचा दाब वाढे आणि शक्तीही वाढे. जी शस्त्रक्रिया इतर इंजिनांवर करण्यास मोठा कारखाना लागला असता, ती येथे घराच्या अंगणात होऊ लागली. या इंजिनाचा एक जन्मजात दोषही सांगितला पाहिजे. त्याचा जळका धूर बाहेर पडण्यापूर्वी सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या वाटेशेजारून जात असे, आणि म्हणून ते फार लवकर तापे. त्या तापण्याशी झगडता झगडता हजारो मुलांना उष्णतेचे शास्त्र कळले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे या छंदाला श्रीमंती आली. तयार भागांची दुकाने निघाली, आरशासारखे चकचकीत रंग आले, आणि ज्या गाडीचा जन्म दारिद्र्यातून झाला होता ती प्रदर्शनाच्या मंडपात दोरखंडाच्या पलीकडे उभी राहू लागली. या वैभवाला कंटाळून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही कारागिरांनी मूळ वाट पुन्हा धरली. गाडीवरचा गंज तसाच ठेवायचा, जोडकामाचे व्रण लपवायचे नाहीत, आणि बाजारातून नवा भाग आणण्यापेक्षा हाताशी आहे त्यातून तो घडवायचा, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या गाड्यांना ‘रॅट रॉड’ म्हणतात. मूळ शब्दात थोडी हेटाळणी होती, पण त्यांनी तो अभिमानाने धारण केला. ट्रॅक्टरचे भोकाभोकांचे लोखंडी आसन, बिअरच्या पिंपाची इंधनटाकी, दाराला मुठीऐवजी वाकवलेला पाना, असे जिन्नस या गाड्यांवर दिसतात. केवळ दिसण्यासाठी चिकटवलेल्या वस्तू मला फारशा रुचत नाहीत. पण जेथे तो पाना खरोखर दार उघडतो आणि ते पिंप खरोखर पेट्रोल धरून ठेवते, तेथे मन प्रसन्न होते.

आता अशी गाडी प्रत्यक्षात उभी कशी राहते ते पाहू.

आरंभ सांगाड्यापासून होतो. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेली चॅसी वरवर सरळ दिसली तरी ती पिळलेली असू शकते, आणि ते ओळखण्याची रीत आपल्याकडचा सुतार चौकट तपासतो तीच आहे: समपातळीतल्या जमिनीवर ती टेकवायची आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही तिरकी मापे घ्यायची; ती सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे. जुन्या चॅसीचे दांडे एका बाजूने उघडे, पन्हळीसारखे असतात. वीस अश्वशक्तीला ते पुरेसे होते, पण जेथे आता दहापट शक्तीचे इंजिन बसणार तेथे ते पिळवटतील, म्हणून उघड्या बाजूवर पट्टी जोडून त्यांची बंद पेटी करतात. पातळ पत्र्याची बंद नळी उघड्या पन्हळीपेक्षा पिळाला कितीतरी कमी दाद देते, हे कागदाची सुरळी करून आणि ती चिकटवून कोणालाही घरी पडताळून पाहता येईल.

मग इंजिन. जाम झालेले इंजिन पाहून नवखा माणूस हताश होतो. अनुभवी माणूस प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल ओततो आणि वाट पाहतो. चार दिवस, आठ दिवस, कधी महिनाभर ते तेल पिस्टनच्या कडांतून झिरपत राहते आणि गंजाची पकड सुटत जाते. त्यानंतर हळूहळू, मागेपुढे हलवत, एकदा का ते फिरू लागले, की उरतात तीनच प्रश्न: ठिणगी पडते का, पेट्रोल पोहोचते का, आणि दाब धरतो का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली आणि ठिणगी योग्य क्षणी पडली, तर इंजिन सुरू होण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. जगातल्या कोणत्याही पेट्रोल इंजिनाला हा नियम लागू आहे, आणि ज्याने एकदा तो मनात ठसवला त्याला यंत्राची भीती राहत नाही.

खरी कसोटी लागते ती एका घराण्याचे इंजिन दुसऱ्या घराण्याच्या गिअरबॉक्सला जोडताना. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी तबकडी घालावी लागते, तिला एका बाजूने एकाची आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याची भोके. काम सोपे वाटते, पण इंजिनाच्या दांड्याचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य केसभर जरी इकडेतिकडे झाला, तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत झिजून जातात. भंगारात काम करणाऱ्याला गबाळे काम चालते ही समजूत येथे पार नाहीशी होते; बाहेरचा पत्रा कितीही ओबडधोबड असो, या एका ठिकाणी त्याला घड्याळजीचा हात लागतो.

वजनाचा प्रश्नही मोठा उद्बोधक आहे. मडगार्ड, छप्पर आणि दारे उतरवल्यावर गाडी हलकी होते, पण कमानी मात्र जुन्या वजनासाठी घडवलेल्या असतात, त्यामुळे गाडी रस्त्यावर बैलगाडीसारखी आदळू लागते. यावरचा उपाय खर्चाचा नाही. कमानीच्या पात्यांपैकी एक-दोन काढून टाकायची, पुन्हा बांधून पाहायची, आणि गाडी योग्य उंचीवर बसून मऊ चालू लागेपर्यंत हे करत राहायचे. कमानीत इतकी पाती का असतात, हे पुस्तकात वाचून जे कधी नीट कळत नाही, ते या एका दुपारी कळते.

सर्वांत सूक्ष्म विषय स्टेअरिंगचा. गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूच्या चाकाला लहान वर्तुळ कापावे लागते आणि बाहेरच्याला मोठे, म्हणून दोन्ही चाके सारख्याच कोनात वळून चालत नाही. आतले थोडे अधिक वळले पाहिजे. हे साधण्यासाठी चाकांना जोडलेले दोन लहान हात मुद्दाम किंचित आत झुकवलेले असतात, इतके की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या साधारण मागच्या ॲक्सलच्या मध्याशी मिळतात. आता नवे, मोठे इंजिन बसवताना त्या हातांना जोडणारा आडवा टायरॉड खाली आड येतो, आणि उतावीळ माणूस हात उलटे फिरवून तो टायरॉड ॲक्सलच्या पुढे आणून बसवतो. गाडी सरळ रस्त्यावर उत्तम चालते. पहिल्या वळणावर मात्र आतले चाक बाहेरच्यापेक्षा कमी वळते आणि टायर किंचाळत घासू लागतात, कारण सारी भूमिती उलटी झालेली असते. त्याचप्रमाणे ज्या खिळीभोवती चाक वळते तो किंगपिन वरच्या बाजूने काही अंश मागे कललेला असावा लागतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो आणि हात सोडले तरी सायकल सरळ का धावते, याचा विचार ज्याने केला असेल त्याला याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. हा कल चुकला, तर वेग वाढताच पुढची चाके थरथरू लागतात आणि चालकाच्या हातून स्टेअरिंग निसटू पाहते.

ब्रेकची कथाही अशीच. तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक फोर्डने १९३९ च्या गाड्यांपासून स्वीकारले, आणि म्हणून त्या सालचे ब्रेक त्याहून जुन्या गाड्यांना बसवणे हा या छंदातला एक जुना, प्रतिष्ठित पायंडा आहे. पण जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर बसतो पायाखाली, चॅसीला. म्हणजे चाकांतील सिलिंडरांपेक्षा तो खालच्या पातळीवर येतो, आणि गाडी उभी असताना तेल उताराने मागे वाहून येते. सकाळी पाय ठेवला की पट्टी तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. यासाठी नळीत एक लहानशी झडप घालतात. ती थोडासा दाब कायम अडवून ठेवते. तिची किंमत नगण्य, पण ती विसरलेल्या माणसाला तिचे मोल पहिल्याच उतारावर कळते.

येथे काही गोष्टी अगदी स्पष्टपणे बजावणे मी कर्तव्य समजतो. स्टेअरिंगचा कोणताही भाग तोडून, जोडून, घरच्या वेल्डिंगवर विसंबून वापरू नये. जुन्या पेट्रोलटाकीला, ती कितीही वर्षे कोरडी पडलेली असली तरी, ज्वाळा दाखवू नये. तिच्या सांध्यांत दडलेली वाफ माणसाचा जीव घेण्यास पुरेशी असते. ब्रेकच्या नळ्या आणि रबर नवेच घ्यावेत. दाराला पाना चालेल आणि आसनाला ट्रॅक्टर चालेल, पण ज्या भागावर गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसाचे प्राण अवलंबून आहेत तेथे तडजोड नाही. कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झालेल्या, पाचशे डॉलरच्या आतल्या मोडक्या गाड्यांच्या शर्यतीचे उदाहरण येथे मुद्दाम देण्यासारखे आहे. ‘लेमन्स’ असे त्या शर्यतीचे नाव. गाडीवर पाचशे डॉलरहून अधिक खर्च झालेला नसावा, असा तिचा मूळ नियम. परंतु ब्रेक, चालकाच्या रक्षणासाठी आत बांधलेला लोखंडी पिंजरा, पट्टे यांवरचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. नियम करणाऱ्यांनी काटकसरीची मर्यादा नेमकी योग्य जागी आखली आहे.

या साऱ्या परंपरेतला मला सर्वांत पूज्य वाटणारा पुरुष अमेरिकन नव्हता आणि त्याचे वाहन मोटारही नव्हते. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गावी राहणाऱ्या बर्ट मन्रो याने १९२० साली ‘इंडियन स्काउट’ नावाची मोटारसायकल घेतली. तिचा मूळ वेग ताशी पंचावन्न मैल. पुढची चाळीसहून अधिक वर्षे त्याने आपल्या शेडमध्ये त्या एकाच यंत्रावर काम केले. जुन्या डब्यांच्या साच्यांत त्याने पिस्टन ओतले, ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हाताने घासून कनेक्टिंग रॉड घडवले, आणि जे तुटले ते फेकून न देता फळीवर ओळीने मांडून त्यांवर वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची अक्षरे लिहून ठेवली. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने बॉनव्हिलच्या मिठागरावर ती गाडी ताशी १८४ मैल वेगाने नेऊन विक्रम नोंदवला. एका यंत्रावर एवढे प्रेम करणारा माणूस त्याच्या प्रत्येक मोडतोडीतून शिकत गेला होता, आणि त्याचा वेग ही त्या शिक्षणाची मोजणी होती.

क्युबातील रस्त्यांवर १९५० च्या दशकातील अमेरिकन गाड्या आजही रशियन इंजिनांवर धावतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तेथे ती गरज आहे. व्यापारबंदीमुळे सुटे भाग येईनात, म्हणून कौशल्य आले. छंदासाठी केलेली जुळवाजुळव आणि पोटासाठी केलेली जुळवाजुळव यांत नैतिक फरक असला, तरी हाताला लागणारी विद्या एकच असते.

ही विद्या आपल्या मुलखात नाही असे मुळीच नाही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली तेथेच झाला. त्या गावातील लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने आपल्या मुलाच्या हट्टासाठी भंगारातून चार चाकांची एक छोटी जीप उभी केली. सुमारे साठ हजार रुपयांत ती तयार झाली. दुचाकीचे इंजिन आणि दुचाकीचेच भाग, आणि म्हणून ती सुरू करायची तीही दुचाकीसारखीच लाथ मारून. पुढचा तोंडवळा मात्र जीपचा. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, आणि ती नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर अडवतील हे ओळखून, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देण्याची तजवीज केली. पुढच्याच महिन्यात ती अदलाबदल पार पडली. महिंद्रांनी लिहिल्याप्रमाणे ती छोटी जीप त्यांच्या संशोधन केंद्रातील गाड्यांच्या संग्रहात ठेवण्यासाठी गेली.

नियमांचा उल्लेख निघालाच आहे, तर तेही सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या तरतुदीचा असाच अर्थ निर्णीत केला. अमेरिकेत अनेक राज्यांत घरी बांधलेल्या गाडीची तपासणी करून तिला नोंदणीचा दाखला देण्याची वाट उपलब्ध आहे. आपल्याकडे हौशी माणसाला तशी सुलभ वाट नाही. कायदा रक्षणासाठी आहे आणि तो पाळलाच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. तरीही माझे मत असे आहे, की ब्रेक, स्टेअरिंग आणि दिवे यांची कडक परीक्षा घेऊन, वेगाची आणि मार्गाची मर्यादा घालून, हाताने बांधलेल्या मोजक्या गाड्यांना परवाना देणारी एखादी पद्धत सरकारने आखावी. पुण्यात मोटारींची अधिकृत चाचणी करणारी संस्था १९६६ पासून आहे. तपासण्याचे ज्ञान आपल्या दारात आहे. देवराष्ट्र्याच्या कारागिराची गाडी संग्रहात गेली याचा मला आनंद आहे, परंतु त्याच्यासारख्या दुसऱ्या माणसाला आपली गाडी आपल्या अंगणातच ठेवून तिच्यात आणखी सुधारणा करत राहता आले असते, तर तो आनंद अधिक झाला असता.

तोवर ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी ते स्वतःच्या शेतात, स्वतःच्या आवारात करावे. तेथे आपल्या जमिनीवर, कमी वेगात, आपली गाडी चालवून पाहावी. आणि वाचकांनो, आपल्या गावातल्या एखाद्या गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, कोणी मुलगा जुन्या चॅसीशी झटत असेल, तर त्याच्याकडे अवश्य जा, त्याने कशाच्या जागी काय बसवले आहे ते त्याला विचारा, त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका, आणि निघताना ब्रेक कुठून आणले तेवढे मात्र न विसरता विचारा.